त्रेचाळिसावी रात्र

'श्यामची आई'ला हात लावायची सोय नाही. हात लावला की चार चांगली माणसं दुखावतात. वाईट माणसं दुखावली तर आपलं काही जात नाही. पण ही खरंच चांगली असतात. समाजवादी असतात, सेवा दलातली असतात, मराठीचे मास्तर असतात. आणि आता आपल्यातलेही असतात. शिकले, नोकरीला लागले, फ्लॅटमध्ये गेले आणि पोराच्या वाढदिवसाला हेच पुस्तक घेऊन आले. म्हणून आधीच सांगून टाकतो. हे पुस्तक वाचून मीही रडलोय. नशिराबादच्या घरात, सातवीत असताना, माय शेजारी निजलेली असताना. हा लेख रडलेल्या माणसानं लिहिलाय. न वाचता दगड मारणाऱ्यातला मी नाही.

पण रडून झालं की डोळे पुसावेत आणि पुन्हा एकदा वाचावं. मी वाचलं. या खेपेला मला श्यामच्या आईच्या आधी तिच्या गोठ्यातली गाय दिसली. मोरी गाय.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३३ सालच्या ९ ते १३ फेब्रुवारीत, पाच दिवसांत. १९३५ ला ते छापून आलं. १९५३ ला अत्र्यांनी त्याचा सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. गुरुजी कोकणातले, पालगडचे. पण खानदेशात ते आमचेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते मास्तर होते, पुढं पूर्व खानदेशच्या शेतकऱ्या-कामगारांत राबले. आमच्याकडे पोराला अक्षर कळायला लागलं की हे पुस्तक हातात येतं. याला कादंबरी म्हणायचं का आठवणी म्हणायचं, यावर पंडित लोक वाद घालतात. घालू द्या. आश्रमात बसून श्याम रोज रात्री एक गोष्ट सांगतो, अशा बेचाळीस रात्री होतात आणि त्यातून एका बाईचा सगळा जन्म उभा राहतो. मी त्याला कादंबरीच धरतो. आणि कादंबरी धरली की तिला कादंबरीचे प्रश्न विचारायचा मला हक्क मिळतो.

यातली एक रात्र मोरी गाईची आहे. दृष्ट लागावी अशी गाय. आई पहाटे उठून गोठ्यात जाते, तिला चारा घालते, कपाळाला कुंकू लावते, शेण काढते. गाईला आईचाच हात लागतो, दुसऱ्या कुणाला ती नीट दूध देत नाही. मग ढोरांवर पायलाग येतो. मोरी आजारी पडते, उपाय होतात, चालत नाहीत. मोरी मरते. आईला घरचं माणूस गेल्यासारखं होतं. ज्या जागी मोरी मेली त्या जागेवर पुढं काही दिवस आई हळदकुंकू आणि फुलं वाहत राहते.

इथं आमच्या वर्गातल्या पोरी रडायच्या. पोरं नाक ओढायची. मी पण. पण माझ्या डोक्यात रडता रडता एक सवाल आला आणि मी हात वर केला.

"सर, मोरी मेल्यावर तिला उचललं कोणी?"

वर्ग हसला. का हसला ते मला तेव्हा कळलं नाही. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ते धड्यात नाही. खाली बस."

मी खाली बसलो. पण सवाल बसला नाही.

घरी येऊन मी तो आजीला विचारला. आजी अंगठाबहाद्दर. श्याम कोण, आई कोण, तिला काय ठाऊक. पण गाय मेली म्हटल्याबरोबर ती मला पुढचं सगळं सांगू लागली, जशी काही ती मोरी आमच्याच गल्लीत मेली होती. ढोर मेलं की मालकाचा माणूस वाड्याच्या तोंडाशी उभा राहायचा आणि लांबूनच हाळी द्यायचा. पंजोबा दोर आणि बांबू घ्यायचा. चार-सहा बाप्ये निघायचे. पाय बांधायचे, बांबू घालायचा, खांद्यावर घ्यायचं नाहीतर फरफटत न्यायचं. गावाबाहेर नेऊन कातडं सोलायचं. मांस वाटून घ्यायचं, उरलेल्याच्या चान्या करून वाळत घालायच्या. पावसाळ्यात फुगलेलं ढोर असलं तर वास आठ-आठ दिवस अंगाचा जायचा नाही. माझा आजा पोरसवदा होता तेव्हा तो पण या कामाला जायचा. आजी म्हणाली:

"जित्ती व्हती तवर ते त्याईची माय. मेली का मंग आपली."

मित्रहो, 'प्रतीक' नावाची जी चीज आहे तिच्यावर आपल्या मराठीत प्राध्यापकांनी गठ्ठेच्या गठ्ठे लिहिलेत. मी मॅट्रिक. मला त्यातलं फार कळत नाही. पण माझ्या आजीच्या या एका वाक्यात गाय नावाच्या प्रतीकाचा सगळा हिशेब आहे. प्रतीक कुठवर चालतं आणि कुठं संपतं, संपल्यावर ते कुणाच्या वाट्याला येतं, हे तिनं सांगून टाकलं.

'श्यामच्या आई'त गाय म्हणजे कोण? गाय म्हणजे आईच. दोघी पहाटेच्या उठलेल्या. दोघी देत राहतात, तक्रार करत नाहीत, आजारी पडतात, झिजतात, मरतात. पुस्तकात आईचं मरण शेवटाला येतं, पण त्याची तालीम मोरीच्या मरणात आधीच होऊन जाते. म्हणून मोरीसाठी रडणारं पोर खरं तर आईसाठी रडत असतं. ही गुरुजींची ताकद आहे आणि मी ती मान्य करतो. पण आई मरते तेव्हा तिच्या देहाचं काय झालं ते पुस्तकात आहे. चिता आहे, राख आहे. मोरीच्या देहाचं काय झालं ते नाही. मोरीचा शेवटचा श्वास आणि त्या जागेवरचं पहिलं फूल यांच्यामध्ये एक भोक आहे. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. मला दिसतं, कारण त्या भोकात माझा पंजोबा दोर आणि बांबू घेऊन उभा आहे.

मी गोदीत काम करतो. ठेकेदाराच्या टोळीत. तिथं एक गोष्ट शिकलो. वजन कधी नाहीसं होत नाही. कागदावरनं उडालं, पावतीत दिसलं नाही, तरी ते कुठंतरी असतंच आणि जिथं असतं तिथं एक खांदा असतो. कोकणातली गाय लहानखोर. तरी दोनशे किलोच्या आगंमागं भरणारच. दोनशे किलो वजन गोठ्यातून आपोआप जात नाही. फुलं वाहायला जागा मोकळी झाली, याचा अर्थ कुणीतरी ती मोकळी केली. हे वजन उचलणारा माणूस बेचाळीस रात्रींतल्या एकाही रात्री बोलत नाही.

आता कुणी म्हणेल, एका गाईवरनं एवढं काय. तर ऐका. हे एका गाईपुरतं नाही. हे पुस्तक जनावरांवर माया करायला शिकवतं. घरट्यातनं पडलेलं पाखराचं पिलू पोरं जपतात आणि ते मेल्यावर त्याला पुरतात, अशी पण एक गोष्ट आहे. या मायेला कुठं अडसर नाही. गाईच्या गळ्याला मिठी मारा, पिलू ओंजळीत घ्या, हात धुवायचं काम नाही.

आणि याच पुस्तकात आमची एक बाई येते. 'देवाला सारी प्रिय' या गोष्टीत. म्हातारी महारीण. डोक्यावरची लाकडाची मोळी पडलेली. उचलून डोक्यावर देणारं कुणी नाही, कारण तिला हात लागेल. श्याम ते बघतो आणि घरी येऊन आईला सांगतो. आई त्याला म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन अंघोळ कर. श्याम जातो. म्हातारी घाबरते. श्याम मोळी उचलून देतो. येतो. अंघोळ करतो.

दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. कोर्टात दोन साक्षी ठेवतात तशा. गाईला रोज पहाटे हात, विना अंघोळ. म्हातारीच्या मोळीला आयुष्यात एकदा हात, अंघोळीसकट. मोळीला हं, म्हातारीला नाही. माया दोघींवरही आहे. आई खोटी नाही. पण एका मायेला पाण्याचा घडा बांधलेला आहे आणि दुसरीला नाही. मराठी वाङ्मयातली भूतदया म्हणजे काय, हे मला या दोन गोष्टींनी जेवढं शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही.

पुढं तर याहून मोठी गंमत आहे. आई श्यामला समजावते की देवाला सगळे सारखे. आणि त्याचा दाखला काय देते? देव मासा झाला, कासव झाला, डुक्कर झाला, सिंह झाला. म्हणजे त्याला कुठलाच देह अपवित्र नाही. म्हणून महाराचाही नाही. भाव चांगला आहे. मी तो नाकारत नाही. त्या काळच्या बामणाच्या घरात एवढं बोलणारी बाई मोठीच म्हणायची. पण जरा थांबून बघा. माझ्या पणजीच्या माणूसपणाचा दाखला माशाकडनं निघाला. कासवाकडनं, डुकराकडनं निघाला. ती दोन पायांवर उभी होती, घाबरून बोलत होती, तिला मोळीचं ओझं होतं, भूक होती. एवढा पुरावा पुरला नाही. देवाची सगळी जनावरं साक्षीला बोलवावी लागली, तेव्हा कुठं ती त्यांच्या रांगेत बसली. जनावर आधी पवित्र झालं, आम्ही त्याच्या मागून आत आलो. आणि आत आलो तरी अंघोळ होतीच.

"काळाची मर्यादा" हे शब्द आता येतीलच. मला ठाऊक आहेत. मग काळच काढू. पालगडच्या त्याच पट्ट्यात, कोकणातच महाड आहे. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी तिथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्या तळ्यावर ढोरं पाणी पीत होती. कुत्रं पीत होतं. त्यांना बंदी नव्हती. आम्ही प्यालो आणि तळं बाटलं. मग ते शुद्ध कशानं केलं? एकशे आठ घागरी पंचगव्यानं. दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण. म्हणजे परत गायच. एका बाजूला ती आई, दुसऱ्या बाजूला आमचा स्पर्श धुऊन काढायचा साबण. हे गाईचं दुसरं काम आहे आणि त्यावर मराठीत एकही पोरगं रडत नाही. याच महाडच्या परिषदेत आपल्या लोकांनी ठरवलं की मेलेली ढोरं ओढायची नाहीत, पडलेलं मांस खायचं नाही. गुरुजींनी पुस्तक लिहिलं त्याच्या आधी सहा वर्षं. म्हणजे त्या काळात खांद्यावरचं ढोर खाली ठेवणारी माणसं होती. काळ मुका नव्हता. काळ बोलत होता. नाशिकच्या तुरुंगातल्या कोठडीत तो आवाज मोळीच्या गोष्टीपर्यंत आला आणि गोठ्यापर्यंत आला नाही.

आता जनावराचं आमच्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण घ्या. १९२९ साल. बाबासाहेब चाळीसगावला उतरले. मुक्काम महारवाड्यात होता. टांगेवाले म्हणाले, महाराला बसवून आम्ही टांगा हाकणार नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्यानं न्या, पण हाकायला तुमचा माणूस घाला. आपल्या माणसाला टांगा हाकायची सवय नव्हती. नाल्यावरच्या पुलावर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतः हे लिहिलंय. यातली मेख बघा. टांगेवाल्यानं घोडा दिला. घोडा बाटत नव्हता. लगाम धरणारा हात बाटत होता. घोड्याला विचारलं असतं तर तो गुमान चालला असता. जनावर कधीच आडवं आलं नाही. आडवी आली ती माणसानं जनावराच्या पाठीवर ठेवलेली गोष्ट.

म्हणून माझं भांडण मोरीशी नाही. ती बिचारी पायलागानं मेली.

गुरुजींशी तरी आहे का? हे पण सरळ सांगतो. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठोबाचं देऊळ आपल्याला उघडावं म्हणून साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले. त्याआधी महाराष्ट्रभर हिंडले. हा जीव पणाला लावायचा प्रकार होता, भाषणाचा नव्हता. आपल्याला देवळात जायचंच नव्हतं, ती गोष्ट वेगळी. बाबासाहेबांनी वाट बदलली होती. पण माणूस काय करायला निघाला ते बघावं लागतं. १९३३ चा श्याम मोळी उचलून अंघोळ करतो. १९४७ चे गुरुजी अंघोळ सांगणाऱ्या धर्माच्या दारात मरायला बसतात. चौदा वर्षांत लिहिणारा माणूस आपल्या पुस्तकाच्या पुढं निघून गेला. पण शाळांनी आमच्या हातात काय दिलं? पंढरपूर दिलं नाही. मोरी गाय दिली. रडवणारे गुरुजी घेतले आणि उपाशी बसलेले गुरुजी फोटोत टांगले. ही लबाडी गुरुजींची नाही. ती त्यांच्या मागून आलेल्यांची आहे.

आणि गाय दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येते. हे मी उगाच म्हणत नाही. 'श्यामची आई' छापून आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९३६ ला, प्रेमचंदांची 'गोदान' आली. त्यातही गायच आहे. होरी नावाच्या गरीब शेतकऱ्याला दारात एक गाय हवी आहे, एवढीच त्याची हौस. भोलाकडनं उधारीवर ती येते. भाऊच तिला विष घालतो. त्या गाईपायी होरी कर्जात, दंडात, मजुरीत रुतत जातो आणि मरतो. मरताना बामण गोदानासाठी हात पसरतो आणि होरीची बायको दोर वळून मिळवलेले वीस आणे त्याच्या हातावर ठेवते. इथं गाय पवित्र म्हणून उरत नाही. ती शेतकऱ्याच्या छातीवर बसलेलं कर्ज होते. आणि त्याच कादंबरीत चांभाराची पोर सिलिया ठेवणाऱ्या पण तिच्या हातचं न खाणाऱ्या बामणाच्या पोराला तिचे जातवाले धरतात आणि त्याच्या तोंडात हाड कोंबतात. गाईचं प्रतीक आणि ढोराचं हाड, दोन्ही एकाच पुस्तकात. प्रेमचंद काही आपले नव्हते, कायस्थ होते. पण त्यांच्या कादंबरीत जनावर मेल्यावर हाड उरतं. त्या हाडाचं पुढं काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

हाड म्हटल्यावर आठवलं. आपल्या महारकीच्या वतनी जमिनीला नावच हाडकी-हाडोळा. वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. पण नाव बघा. गावानं आम्हाला जमीन दिली तिचं नावही ढोराच्या हाडावरनं. त्यांच्या प्रतीकाचा गाभारा तिकडं आणि त्याचं मसण आमच्या सातबाऱ्यावर.

आपल्या माणसानं जनावर कसं लिहिलं तेही बघा. अण्णा भाऊंची 'फकिरा', १९५९ ची. त्यात घोडा आहे, गबऱ्या. त्याची पूजा कुणी करत नाही, त्याच्या कपाळाला कुंकू नाही. तो लढाईतला साथीदार आहे. मांगाच्या पोराच्या मांडीखाली घोडा, हेच गावाच्या छातीत कळ आणणारं चित्र. आजही नवरदेव घोड्यावर बसला म्हणून आपल्या वराती अडवतात, दगड मारतात. अण्णा भाऊंना घोड्याचा अर्थ शिकवायला कुठला प्राध्यापक लागला नाही.

हे सगळं जुनं झालं म्हणाल तर आजचं बोलू. गोवंश हत्येचा महाराष्ट्रातला कायदा १९७६ चा. २०१५ ला त्यात बैल आणि वळूही आले. शेतकऱ्याचा भाकड बैल बाजारात विकेना झाला. २०१६ च्या ११ जुलैला गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावच्या आपल्या पोरांना मेलेल्या गाईचं कातडं सोलताना धरलं, गाडीला बांधून मारलं, आणि मारणाऱ्यांनीच त्याचं चित्रण करून जगाला दाखवलं. ती गाय सिंहानं मारली होती, असं तपासात निघालं. सिंहाला कुणी विचारलं नाही. मग आपल्या लोकांनी सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर मेलेली ढोरं नेऊन टाकली. तुमची आई आहे ना, मग तुम्ही उचला. आणि २०२४ च्या ३० सप्टेंबरला आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं देशी गाईला 'राज्यमाता' केलं.

राज्यमाता. ठीक आहे. मी त्या दिवशी पाळीवर होतो. मोबाईलवर बातमी वाचली आणि मला सातवीचा वर्ग आठवला. साहेब, राज्यमाता मेल्यावर उचलणार कोण? त्या ठरावात हे आहे का? नसेल तर तुम्हीही तेच म्हणताय. ते धड्यात नाही, खाली बस.

माझा आजा खाली बसला नव्हता. आजी सांगते, १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली आणि त्याचं वारं आमच्याकडे आलं. वाड्यानं ठरवलं, आता ढोर ओढायचं नाही. पुढच्या पावसाळ्यात एकाची गाय गोठ्यात मेली. नेहमीसारखी हाळी आली. वाड्यातनं कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी धमकी आली. तिसऱ्या दिवशी वास आला. वाड्याला दुकानातनं मीठ-मिरची मिळेना, मजुरी बंद झाली. चौथ्या दिवशी मालकानं आणि त्याच्या पोरांनी तोंडाला फडकी बांधली आणि गाय स्वतः ओढत नेली. आजी म्हणते, वाटेत एक पोरगं वकलं. आजा वाड्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. तो हसला नाही. तो म्हणाला, "आज त्याले त्याची माय कळली."

हे वाक्य मला 'श्यामच्या आई'च्या बेचाळीस रात्रींत हवं होतं. ते नाही. म्हणून मी म्हणतो, त्रेचाळिसावी रात्र बाकी आहे. मोरी मेली त्या संध्याकाळी जे झालं ती ही रात्र. हाळी कुणी दिली, दोर कुठला होता, पाऊस होता का, मोरीचे डोळे उघडे होते का, खांदा बदलताना कोण काय बोललं, कातडं सोलणाऱ्याच्या पोरानं त्या रात्री काय खाल्लं. आणि त्या पोराला त्या गाईबद्दल काय वाटलं. त्यालाही वाटलंच असणार. तोही तिला चरताना बघत असेल. आमच्या लोकांना जनावराची माया नव्हती, असं समजू नका. फक्त ती माया दाखवायला आम्हाला फूल मिळालं नाही, दोर मिळाला.

ही रात्र कोण लिहिणार? आपणच. पण इथं आपल्या कवींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, त्यात मी पण आलो. आपल्याकडे काय चाललंय? व्यवस्थेला कुत्रं म्हणायचं, पुढाऱ्याला डुक्कर, सावकाराला गिधाड, की झाली विद्रोही कविता. मी असल्या सात-आठ लिहिल्यात. एकीत सरकारला गिधाड केलं होतं, टाळ्या पडल्या. घरी येऊन आजीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "गिधाडानं काय केलं रे तुले?" मला उत्तर देता आलं नाही. हाडोळ्यावर गिधाड आमच्या पंजोबाच्या शेजारी बसत होतं. उकिरड्यावर कुत्रं आमच्या पोरांच्या सोबत होतं. डुक्कर कुणाचं पोट भरत होतं. त्यांच्या गाईला प्रतीक केलं म्हणून आम्ही बोंब मारतो आणि आपल्या गिधाडाला शिवी करतो. हा त्यांचाच धंदा झाला, फक्त दुकान दुसरं. जनावराला जनावर राहू द्या. त्याचं वजन लिहा, वास लिहा, त्याच्या मरणानंतर कोण राबलं ते लिहा. मग प्रतीक आपोआप होईल नाहीतर नाही होणार. नाही झालं तरी बिघडत नाही.

पुस्तक जाळा असं मी म्हणत नाही. माझ्याकडची प्रत अजून आहे, मुखपृष्ठ गेलंय. माझ्या बहिणीच्या पोरीला मी ती वाचायला देणार आहे. श्यामची आई तिलाही रडवेल, रडवू दे. आईनं पोराला मोळी उचलायला पाठवलं, हे पण तिनं वाचलं पाहिजे, ते खरं आहे. पण ती मोरीच्या गोष्टीपाशी आली आणि तिनं विचारलं, "मामा, मंग गाय उचलली कोनी?" तर मी तिला खाली बस म्हणणार नाही.

तुमच्या घरात अजून एखादी आजी असेल, आजा असेल. ऐंशी-पंच्याऐंशीचे झाले असतील. फार दिवस उरले नाहीत. त्यांना जाऊन विचारा, शेवटचं ढोर कधी ओढलं आणि ओढायचं कधी सोडलं. सोडलं तेव्हा गावानं काय केलं. ते बोलतील तसं, त्यांच्याच बोलीत, एका कागदावर उतरवा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. शुद्धलेखन बघू नका. दोन ओळी असल्या तरी चालतील.

जय भीम.